दोन डॉलरची युद्धनौका आणि देवघरातला १९१८ चा रुपया

आमच्या देवघरात चांदीचे चार रुपये आहेत. आजी त्यांना 'राजा छाप' म्हणायची. दर लक्ष्मीपूजनाला ते धुऊनपुसून ताम्हनात मांडले जातात. चारांपैकी तिघांवर १९१८ साल आहे आणि त्या तिघांतल्या दोघांच्या मागच्या बाजूला, खालच्या कमळाच्या फुलाखाली, एक बारीक उठावाचा ठिपका आहे. तो ठिपका मुंबईच्या टांकसाळीची खूण. कलकत्त्यात पाडलेल्या रुपयावर तो नसतो.

त्याच घरातल्या कपाटात माझ्या संग्रहाची फाइल आहे, आणि तिच्यात अमेरिकेची १९१८ च्या मालिकेतली दोन डॉलरची नोट. पुढच्या बाजूला डावीकडे थॉमस जेफरसनचं चित्र. पाठ संपूर्ण हिरव्या शाईत, आणि तिच्यावर लाटा कापत निघालेली एक युद्धनौका. संग्राहक या नोटेला 'बॅटलशिप नोट' म्हणतात आणि चित्रातली नौका 'न्यूयॉर्क' म्हणून ओळखतात. आजच्या डॉलरच्या मानाने ही नोट चांगलीच मोठी आहे, साधारण १८९ मिलिमीटर लांब आणि ७९ मिलिमीटर रुंद.

ही नोट मी घेतली तेव्हा केवळ चित्रासाठी घेतली होती. ती का छापली गेली हे वाचल्यावर मात्र मी उठून देवघरातले रुपये बाहेर काढून पाहिले. कारण भारतात चांदीचे रुपये पाडायला चांदी कमी पडली, म्हणून अमेरिकेत ही नोट जन्माला आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन नोटा जमवणं म्हणजे नेमकं काय, हे सांगायला माझ्याकडे याच्याहून चांगलं उदाहरण नाही.

नोट कोणाची, वचन कोणाचं

आपल्याला एकाच प्रकारच्या नोटेची सवय आहे. रिझर्व्ह बँकेची नोट, गव्हर्नरची सही, धारकाला अमुक रुपये देण्याचं वचन. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत तसं नव्हतं. एकाच माणसाच्या पाकिटात पाच-सहा जातींच्या नोटा असायच्या. किंमत तीच, पण प्रत्येकीवरचं वचन वेगळं आणि वचन देणारा वेगळा.

चांदीचं प्रमाणपत्र ही त्यातली सर्वांत सरळ जात. त्यावर लिहिलेलं असे की सरकारी खजिन्यात चांदीचा एक डॉलर जमा आहे आणि मागताक्षणी तो धारकाला मिळेल. म्हणजे खरा डॉलर तळघरात, आणि त्याची पावती तुमच्या हातात. १८९९ च्या मालिकेतली एक डॉलरची 'ब्लॅक ईगल' आणि हंकपापा लकोटा जमातीच्या रनिंग अँटिलोप या नेत्याचं चित्र असलेली पाच डॉलरची नोट, या दोन्ही याच जातीच्या. सोन्याच्या प्रमाणपत्राची रीत तीच, फक्त तळघरात चांदीऐवजी सोनं. लीगल टेंडर नोट म्हणजे अमेरिकी सरकारचं थेट देणं. १९०१ ची दहा डॉलरची गव्याची नोट, जिला 'बायसन' म्हणतात, ती यातली. नॅशनल बँक नोटा गावोगावच्या खासगी बँकांच्या नावाने निघत. त्यांच्याकडे पुढे वळेन. आणि १९१३ च्या कायद्याने १२ फेडरल रिझर्व्ह बँका, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेच्या विभागीय बँका, उभ्या राहिल्यावर दोन जाती आणखी आल्या.

या शेवटच्या दोन जातींत नवे संग्राहक हमखास गोंधळतात. 'फेडरल रिझर्व्ह नोट' आणि 'फेडरल रिझर्व्ह बँक नोट' यांच्या नावात एका शब्दाचा फरक आहे. पहिली अमेरिकी सरकारचं देणं. दुसरी फक्त त्या एका बँकेचं देणं: अटलांटाच्या नोटेची जबाबदारी अटलांटाच्या बँकेवर, डलासच्या नोटेची डलासवर. पहिली जात आजही चालू आहे. दुसरी थोडी वर्षं चालली, म्हणूनच तिला मोल आहे. बॅटलशिप नोट या दुसऱ्या जातीची.

चांदी कुठे गेली

पहिल्या महायुद्धात ब्रिटन भारतातून ताग, गहू, कातडी आणि सैन्याला लागणारा हरतऱ्हेचा माल उचलत होता. त्याचे पैसे भारतात रुपयांत चुकवावे लागत. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला कागद नको होता. त्याला बंदा रुपया हवा होता, दगडावर आपटून वाजवून घेता येईल असा. कागद वाजत नाही.

युद्धात चांदीचा भाव चढत गेला. तेव्हाच्या रुपयात १६५ ग्रेन (ग्रेन म्हणजे एक जुनं इंग्रजी वजन) शुद्ध चांदी असे आणि हुंडणावळीचा दर रुपयाला १६ पेन्स होता. लंडनमध्ये चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की रुपयातली चांदी रुपयाहून महाग होते, आणि मग लोक नाणी वितळवायला लागतात. १९१७ च्या ऑगस्टमध्ये भाव त्या रेषेवर पोचला, सप्टेंबरात ५५ पेन्सपर्यंत गेला. सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली आणि दुसरीकडे छोट्या नोटा काढल्या. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी भारतातली पहिली एक रुपयाची नोट निघाली, तिच्यावर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचंच चित्र होतं. जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट आली. कागदावर विश्वास बसावा म्हणून कागदावरच नाण्याचं चित्र छापायचं, ही युक्ती मला नेहमी फार बोलकी वाटते.

पण लोक नोटा आणून रुपये मागतच राहिले. १९१८ च्या जूनच्या सुरुवातीला सरकारकडे नोटांच्या बदल्यात द्यायला जेमतेम चार कोटींच्या आसपास चांदीचे रुपये उरले होते. आणखी थोडे दिवस हेच चाललं असतं, तर 'नोट आणा, चांदी न्या' हे वचन सरकारला मोडावं लागलं असतं. तेही युद्ध ऐन भरात असताना.

त्या वेळी जगात एवढी चांदी एका जागी तयार होती ती अमेरिकेच्या खजिन्यात. चांदीचे डॉलर पोत्यापोत्यांनी पडून होते, कारण अमेरिकन माणसाला जड नाणं नको होतं, त्याला कागद चालत होता. इथे उलट, तिथे सुलट. २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत पिटमन कायदा झाला. नेवाडा या खाणींच्या राज्याचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याने ३५ कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवायची परवानगी दिली. प्रत्यक्षात सुमारे २७ कोटी वितळले आणि त्यातल्या जवळजवळ २६ कोटींची चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली गेली. भारत सरकारच्या वाट्याला आली २० कोटी औंस शुद्ध चांदी, औंसाला एक डॉलर दीड सेंट या भावाने. जुलै १९१८ पासून ती मिळू लागली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी तिचे रुपये पाडू लागल्या.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी असे. तिला १६५ ने भागलं की उत्तर येतं बरोबर सव्वादोन. एक डॉलर वितळला की सव्वादोन रुपये. आमच्या ताम्हनातल्या रुपयांत कुणा डॉलरची चांदी आहे की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. मात्र १९१८ चा रुपया हातात घेतला की हा हिशेब मला आठवतो.

मग नोट कशी आली

ते डॉलर तळघरात पडून असले तरी मोकळे नव्हते. प्रत्येकाच्या नावाने एक पावती, म्हणजे चांदीचं प्रमाणपत्र, बाजारात फिरत होतं. डॉलर वितळवायचा तर आधी त्याची पावती परत घ्यायला हवी. आणि या पावत्या बहुतेक एक, दोन आणि पाच डॉलरच्या होत्या. त्या गोळा केल्या की किराणा, ट्रामचं भाडं आणि मजुरी या रोजच्या व्यवहारांतली सुटी नोटच नाहीशी होणार. फेडरल रिझर्व्ह नोट तेव्हा पाच डॉलरच्या खाली मिळतच नसे.

ही पोकळी भरायला १९१८ च्या फेडरल रिझर्व्ह बँक नोटा निघाल्या. बाराही बँकांनी एक आणि दोन डॉलरच्या काढल्या. काही बँकांनी मोठ्याही काढल्या. ५० डॉलरची तर एकट्या सेंट लुईसने, आणि ती आज फार दुर्मीळ आहे. एक डॉलरच्या पाठीवर झेंडा घेतलेला गरुड आहे, तिला 'ग्रीन ईगल' म्हणतात. या नोटेवरचं वचन वाचलं की सगळी गोष्ट उलगडते. तिथे चांदीचा उल्लेखच नाही. ही नोट सरकारी कर्जरोख्यांच्या किंवा एका वर्षाच्या सुवर्ण नोटांच्या (सोन्यात फेडायच्या सरकारी कर्जपत्रांच्या) तारणावर काढली आहे, असं छापलेलं आहे. तळघरातली चांदी गेली आणि तिच्या जागी सरकारची उसनवारी आली, हे नोट स्वतःच सांगते.

पिटमन कायद्यातच अट होती की गेलेली चांदी अमेरिकन खाणींकडून डॉलरला औंस या भावाने परत विकत घ्यायची. ती खरेदी १९२३ पर्यंत पुरी झाली. नवे डॉलर पाडले गेले, चांदीची प्रमाणपत्रं परत आली, आणि फेडरल रिझर्व्ह बँक नोटा मागे घेऊन नष्ट करण्यात आल्या. नोटेचं आयुष्य थोड्या वर्षांचं. दुर्मीळ नोटेमागे बहुतेक वेळा असंच कारण असतं. तिचं वय किती, यापेक्षा ती बाजारात किती काळ राहिली आणि परत किती गेली, हे जास्त महत्त्वाचं असतं.

नोट वाचायची कशी

पहिली चूक सगळ्यांची होते ती सालाबद्दल. नोटेवरचं 'सीरीज ऑफ १८९९' म्हणजे छापल्याचं वर्ष नव्हे, तो आराखडा ठरल्याचं साल. ब्लॅक ईगल त्याच सालासकट १९२० च्या दशकातही छापली जात होती. नोट खरोखर कधीची हे सह्या सांगतात. माझ्या बॅटलशिप नोटेवर सरकारी बाजूने टीही आणि बर्क यांच्या सह्या आहेत. ह्यूस्टन टीही हे चेरोकी जमातीचे, १९१५ ते १९१९ या काळात खजिन्याचे रजिस्ट्रार. त्यांच्या जागी एलियट यांची सही असेल तर नोट नंतरची. याशिवाय त्या त्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या आणि कॅशियरच्या सह्या वेगळ्या. बारा बँका आणि सह्यांच्या निरनिराळ्या जोड्या मिळून एकाच चित्राच्या नोटेचे डझनांनी प्रकार होतात.

या प्रकारांना क्रमांक आहेत. रॉबर्ट फ्रीडबर्ग यांची सूची १९५३ मध्ये पहिल्यांदा निघाली आणि तिच्यातले क्रमांक आजही जगभर चालतात. १९१८ च्या ग्रीन ईगल ७०८ ते ७४६, बॅटलशिप ७४७ ते ७८०. लिलावाच्या यादीत 'फ्रीडबर्ग' असा शब्द आणि पुढे आकडा दिसला की तो हा. नोट घेण्याआधी आकडा स्वतः पडताळून पाहावा, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नये.

बँकांची अक्षरंही ओळखीची होतात: बॉस्टन ए, न्यूयॉर्क बी, शिकागो जी, डलास के, सॅन फ्रान्सिस्को एल. भारताच्या अडीच रुपयांच्या नोटेवरही अशीच मंडळांची, म्हणजे तेव्हाच्या चलन-विभागांची, अक्षरं आहेत, बी म्हणजे मुंबई, एल म्हणजे लाहोर. दोन देशांनी एकाच वर्षी, एकाच चांदीच्या ओढाताणीत काढलेल्या या छोट्या नोटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं. भारतीय संग्राहक अडीच रुपयांच्या नोटेसाठी जीव टाकतो, पण तिची ही अमेरिकन बहीण त्याच्या फाइलमध्ये क्वचितच दिसते.

क्रमांकाजवळचा तारा म्हणजे बदली नोट. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली. अमेरिकेत ही पद्धत १९१० पासून आहे. रिझर्व्ह बँकेने आपल्याकडे ती २००६ मध्ये आणली. जुन्या मोठ्या आकाराच्या ताऱ्याच्या नोटा कमी उरल्या आहेत, त्यामुळे त्यांचा भाव वेगळा.

मग येते नोटेची अवस्था. अमेरिकेत तटस्थ संस्था नोट तपासून ७० पैकी आकडा देतात आणि ती प्लास्टिकच्या पाकिटात बंद करतात. कोरी करकरीत नोट ६० च्या वर. मधोमध एकच हलकी घडी पडली तरी ती साठीच्या खाली येते. घडी घालवण्यासाठी नोट धुणं, दाबून इस्त्री केल्यासारखी करणं, कडा कापून सरळ करणं, भोकं कागदाच्या लगद्याने बुजवणं, हे सगळे प्रकार चालतात. खोलीत अंधार करून नोटेच्या पातळीत एका बाजूने बॅटरीचा उजेड टाका. खरी नोट कोरलेल्या धातूच्या पत्र्यांवरून छापलेली असल्यामुळे शाई किंचित उठावदार दिसते, बोटाला लागते. धुऊन दाबलेल्या नोटेत तो उठाव बसलेला असतो आणि घडीची रेघ सावलीत पुन्हा उमटते. मी सुरुवातीला अशी एक दाबलेली नोट कोऱ्या नोटेच्या भावात घेतली आणि वर्षभराने बॅटरीच्या उजेडात ते माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून आधी बॅटरी, मग पैसे. वापरलेली पण धडधाकट बॅटलशिप काही शे डॉलरना मिळते. घड्या नसलेलीचा भाव कित्येक पटींनी चढतो.

गावाची नोट

आता नॅशनल बँक नोटा. मला स्वतःला अमेरिकन कागदी चलनात सर्वांत जास्त ओढ यांचीच आहे. १८६३ च्या कायद्याने खासगी बँकांना सरकारी रोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढता आल्या. १९०० च्या कायद्याने छोट्या गावात २५,००० डॉलर भांडवलावर अशी बँक उघडता येऊ लागली आणि मग माळरानावरच्या, खाणीच्या, रेल्वेच्या फाट्यावरच्या गावांतही बँका निघाल्या. १९३५ पर्यंत १२ हजारांहून जास्त बँकांनी नोटा काढल्या. छपाई वॉशिंग्टनमध्ये, चित्र सगळीकडे सारखं. बदलायचं ते बँकेचं नाव, गावाचं नाव आणि सनदेचा क्रमांक. १९०२ च्या मालिकेत दहा डॉलरवर वर्षभरापूर्वी हत्या झालेले राष्ट्राध्यक्ष मॅककिन्ली आहेत.

नोटा बँकेत पोचायच्या त्या न कापलेल्या तावांवर. गावातल्या बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर त्यावर सह्या करत, कुणी टाकाने, कुणी रबरी शिक्क्याने, आणि मग त्या कापल्या जात. म्हणून कडा वाकड्या असतात, आणि त्या वाकडेपणाला इथे दोष मानत नाहीत. टाकाची सही पुसट झाली की मात्र जीव हळहळतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची नोट सहज मिळते. एखाद्या वस्तीवजा गावाच्या बँकेची एकच नोट माहीत असते, किंवा एकही नाही. म्हणून इथे चित्रापेक्षा गावाचं नाव महाग. राज्याचा दर्जा मिळण्याआधीच्या प्रदेशांच्या, उदाहरणार्थ १९१२ पूर्वीच्या अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या नोटा तर संग्राहक वर्षानुवर्षं शोधत असतात.

सोन्याच्या प्रमाणपत्रांचं दुर्मीळ होणं कायद्याने घडलं. एप्रिल १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने लोकांना सोन्याची नाणी आणि ही प्रमाणपत्रं सरकारजमा करावी लागली. ती बाळगणं २४ एप्रिल १९६४ पर्यंत बेकायदा होतं. १९०५ ची वीस डॉलरची, रंगांमुळे 'टेक्निकलर' म्हणवली जाणारी नोट आज कुणाकडे असेल, तर ती त्या एकतीस वर्षांत कुठेतरी विसरली गेली होती किंवा दडवली होती. एक अपवाद १९०० च्या दहा हजार डॉलरच्या प्रमाणपत्रांचा. ती रद्द करून वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत ठेवली होती. १३ डिसेंबर १९३५ ला तिथे आग लागली, पेटती खोकी खिडकीतून रस्त्यावर फेकली गेली आणि लोकांनी कागद उचलून नेले. त्यांवर रद्द केल्याची भोकं आहेत आणि त्यांना दर्शनी किमतीचं मोल नाही. बाकी अमेरिकेने १८६१ नंतरची आपली नोट कधी बाद केलेली नाही. बॅटलशिप आजही कायद्याने दोन डॉलर आहे. आपल्याकडे १९४६, १९७८ आणि २०१६ च्या नोटबंदीच्या आठवणी असल्यामुळे हे ऐकून माणसं चकित होतात.

कुणाला सुरुवात करायची असेल तर मी ग्रीन ईगल सुचवतो. बाराही बँकांच्या एकेक जमवता येतात, प्रत्येक नोट वाचता येते आणि पहिली नोट घेताना फार मोठी रक्कम अडकत नाही. ठेवायला पीव्हीसीची स्वस्त पाकिटं वापरू नयेत, ती काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढतात, मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरची) घ्यावीत. लॅमिनेशन तर कधीच नको. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने फाइल भिंतीला लागून ठेवू नये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ओल शोषलेल्या पुड्या गौरी-गणपतीच्या आसपास एकदा बदलाव्यात. मी बदलतो तेव्हा देवघरातले रुपयेही बाहेर काढतो आणि भिंगाखाली तो ठिपका पुन्हा पाहतो.